परवानगी फक्त वासंतीची

वासंती खांबेटेच्या घरी फोन वाजला की तो बहुतेक ऑफिसचा असे. दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत सातव्या मजल्यावर ती एकटीच राहायची आणि काम घरूनच करायची. नवरा, दिनकर, आजारी आईला बघायला म्हणून नागपूरला गेला होता. पुढे सासूबाई गेल्या, दिनकर तिथेच राहिला. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. सोसायटीची नोटीस आली की वासंती तिचा फोटो त्याला पाठवायची, तो उत्तरादाखल अंगठा पाठवायचा. मुलगी अनुष्का बंगळूरला. तिचा फोन रविवारी, भांडी घासता घासता.

कंपनी गुडगावची. घरी माणूस पाठवून रक्ताचे नमुने घेणारी. तिच्या अ‍ॅपमध्ये काही नवीन आलं की ते आधी बंद ठेवलेलं असे. एक बटण दाबलं की थोड्या लोकांना दिसायचं, नीट चाललं तर सगळ्यांना. या बटणांना ऑफिसात फ्लॅग म्हणत, आणि ती सगळी वासंतीच्या ताब्यात होती. एकदा कुणीतरी घाईत भलताच फ्लॅग उघडला होता. तेव्हापासून तिने नियमच घातला. मेसेज चालणार नाही. फोन करायचा, फ्लॅगचं नाव तोंडाने सांगायचं, ती ते परत म्हणणार आणि मगच दाबणार.

दाबल्यावर सगळीकडे परिणाम दिसेपर्यंत मिनिटभर लागे. फोन ठेवता येत नसे. त्या मिनिटात माणसं बोलायची.

फरीदाबादची रिंकू सासूबद्दल बोलायची. राजवीर चव्हाण बाबांबद्दल. त्याचे वडील कृष्णात चव्हाण फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचे, पण पोराचं सगळं बालपण कँटोन्मेंटात गेलेलं. मीटिंगमध्ये तो तिला ‘मॅम’ म्हणे आणि फोनवर काकू.

“काकू, बाबा म्हणतात डोळ्याचं ऑपरेशन नको. म्हणे, बॉर्डरवर एका डोळ्यानं नेम धरला, आता टीव्ही दिसत नाही का!”

“त्यांना सांग, टीव्हीतली बातमीदारीण दुसऱ्या डोळ्याने जास्त छान दिसेल.”

“हे मी सांगू? मार खाईन यार. आलं आलं काकू, दिसतंय. चलो, ठेवतो.”

मिनिट संपायचं.

पावसाळा सरल्यावर नव्या मॅनेजर बाई आल्या. कृतिका. वयाने लहान, बोलायला गोड. “वासंतीजी, तुम्ही किती वर्षं फोन उचलणार? आपला एआय एजंट आहे ना, त्याला फ्लॅगच्या सर्व्हिसशी जोडून टाकू. टीम त्यालाच लिहून सांगेल. तुम्हीच जोडा, तुमच्याएवढं ते कुणाला माहीत नाही.”

वासंती बरं म्हणाली. मग चहा टाकायला उठली आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिली. तिला अगदी स्वच्छ कळलं होतं की हे काम नीट झालं की घरातला फोन वाजायचा थांबेल.

तरी काम तिने नीटच केलं. तिला वाईट करता येत नसे. लॅपटॉपवर कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि सर्व्हिसचं साधन उतरवून घेतलं. पहिल्या कमांडला लाल अक्षरं आली. जुनी आवृत्ती राहिली होती, ती काढली. पुन्हा कमांड, मग ब्राउझरमध्ये लॉगिन, मग एजंटाला आत शिरायची चावी. शेवटी तिने विचारलं, कोणकोणते फ्लॅग उघडे आहेत? एजंटाने सगळे धडाधड सांगितले, शिवाय आणखी काही मदत हवी का तेही विचारलं.

एकच प्रश्न उरला. एजंटाने फक्त बघायचं, की बटणं दाबायचीही? दाबायची असतील तर कुणाला विचारून? तिथे नाव घालायला जागा होती. वासंतीने आपलं घातलं. उघडायला तिची परवानगी, बंद करायलाही तिचीच.

“बॅकअपला आणखी कुणी?” कृतिकाने विचारलं.

“कशाला? मी घरीच असते. कुठे जाते मी?”

कृतिकाला ते सोयीचं वाटलं. वासंतीला वाटलं, परवानगी मागायची म्हणजे माणसं बोलतील.

माणसं बोलली नाहीत. ती एजंटाला लिहीत आणि एजंट वासंतीला. फोनवर टिंग व्हायचं, फ्लॅगचं नाव यायचं, खाली दोन बटणं, हो आणि नाही. ती हो दाबायची. एजंट आभार मानायचा. दर वेळी मानायचा. सुरुवातीला ती कुकरच्या शिट्टीतही टिंग ऐकू येईल असा फोन ठेवी. मग तशीच सवय लागली. दुपारी शेजारच्या फ्लॅटमधला मिक्सर ऐकू येई आणि बंद झाला की कळे, त्यांची चटणी झाली.

जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या प्रभावतीताईंनी हळदीकुंकवाला बोलावलं. एरवी वासंती ‘फोन असतात हो दुपारी’ म्हणून टाळायची. या वेळी सांगायला काही नव्हतं. ती गेली.

दिल्लीची थंडी. आलेल्या प्रत्येकीने आतल्या खोलीत पलंगावर शाल, कोट, पर्स टाकली. वासंतीनेही टाकली. तिच्यावर आणखी शाली पडल्या, एक जाड ओव्हरकोट पडला. फोन पर्समध्येच होता.

“वासंतीताई! सूर्य कुठे उगवला म्हणायचा?” प्रभावतीताईंनी कुंकू लावलं. “मिस्टर आले का?”

“नाही अजून.”

“अजून तिकडेच? अच्छा. नागपुरात घराचं काही काम काढलंय का?”

“संत्री खातायत,” वासंती म्हणाली.

बायका हसल्या. प्रभावतीताई हसल्या नाहीत. त्यांनी तिळाचे दोन लाडू जास्त ठेवले. वासंतीला ते आवडलं नाही आणि तिने ते खाल्लेही. मग कुणीतरी ‘नाव घ्या’ म्हणून आग्रह धरला. तिने दिनकरचं नाव एका जुन्या उखाण्यात बसवलं. उखाणा आठवला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. टाळ्या पडल्या. ती बराच वेळ बसली.

पर्स शालींखालून ओढून काढली तेव्हा फोनवर एजंटाच्या विनंत्यांची रांग लागली होती. अ‍ॅपमधला वेळ निवडायचा नवा पडदा बिघडला होता. तो लोकांकडून उद्या सकाळची वेळ घेत होता, पण कुणाच्या घरी माणूस नेमतच नव्हता. एजंटाला ते लगेच कळलं होतं. त्याने फ्लॅग बंद करायची परवानगी मागितली. उत्तर नाही म्हणून पुन्हा मागितली. नम्रपणे. पुन्हापुन्हा.

त्याच्या खाली राजवीरचे हुकलेले फोन होते. तिने हो दाबलं आणि तिथेच, परक्या पलंगाच्या कडेला बसून त्याला फोन लावला.

“काकू, कहाँ थे आप? ते मशीन ओरडतंय बंद करा म्हणून आणि तुम्ही... बाथरूममध्येपण फोन नेत जा ना!”

“हळदीकुंकवाला गेले होते.”

“काय?”

तिने पुन्हा सांगितलं नाही. राजवीरलाही ऐकायला वेळ नव्हता. संध्याकाळभर त्याची टीम एकेका गिऱ्हाइकाला फोन करत बसली, उद्या उपाशी थांबू नका, माणूस येणार नाही म्हणून. वासंतीनेही यादीतली नावं मागून घेतली. एका आजोबांनी तिला रक्तातल्या साखरेपासून सुनेपर्यंत सगळं सांगितलं. तिने फोन ठेवायची घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. “कुणाचीच चूक नाही,” कृतिका म्हणाली. “प्रोसेसची गलती आहे. बंद करायला परवानगीच नको. उघडायला टीममधल्या कुणाचीही चालेल. वासंतीजी, तुम्ही तेवढं बदलून टाका.”

“घर बसे बसे नींद आ गई होगी,” कुणीतरी म्हणालं. ती रिंकू होती.

वासंतीने काळी खिडकी उघडून कमांड लिहिली. खात्री आहे का, असं विचारलं गेलं. तिने हो म्हटलं. तिचं नाव गेलं. आता टिंगही होणार नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने राजवीरला फोन लावला. इतक्या वर्षांत बिनकामाचा फोन तिने ऑफिसातल्या कुणालाच केला नव्हता.

“काकू? काय बंद पडलं?” त्याचा आवाज घाबरा.

“काही नाही बंद पडलं.”

“मग?”

मग काय, ते तिने ठरवलं नव्हतं. “बाबांच्या डोळ्याचं काय झालं?”

“झालं की ऑपरेशन. दिवाळीनंतर लगेच.”

“बोलला नाहीस.”

“बोलणं कुठं झालं आपलं, काकू?” मागे कुणीतरी त्याला गाडीची चावी मागत होतं. “मी निघतोय बाहेर, नंतर करतो... की असं करा, बाबांशीच बोला. बसलेत इथे. घरी बसून आमचं डोकं खातात. बाबा, घ्या. ऑफिसातल्या काकू.”

फोन या हातातून त्या हातात गेला. टीव्हीचा आवाज कमी झाला.

“हां, कोण बोलतंय?” जाड, फौजी आवाज.

“मी वासंती खांबेटे. राजवीरच्या ऑफिसातली. द्वारकेहून.”

“बरं. काय काम काढलंत?”

वासंतीने लॅपटॉपकडे पाहिलं. तो मिटलेला होता.

“काम काही नाही,” ती म्हणाली. “असाच केला.”

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

“असाच काय? मग बोला. आम्ही बसूनच आहोत.”