उतरवून ठेवलेला बास

लालबागच्या आमच्या चाळीत माझ्या बासला सगळे 'ती मोठी गिटार' म्हणतात. चारच तारा का, आवाज वेगळा ऐकू का येत नाही, लग्नाच्या स्टेजवर कोपऱ्यात उभा राहून तू नक्की करतोस तरी काय, हे प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटलेत. पूर्वी समजावून सांगायचो. आता 'पोट भरतो' म्हणतो आणि जिना उतरतो.

घरात फक्त माझ्या वडिलांनी, बाबांनी, हे असलं काही कधी विचारलं नाही. ते आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका ऑफिसच्या गेटवर. पण विचाराल तर सांगायचे, मी पखवाजी. चाळीतल्या भजनी मंडळात त्यांनी जन्मभर पखवाज वाजवला, गरज पडली तर ढोलकीही. माझा बास पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हणाले होते, पखवाजाची कणीक लावलेली, खर्जाची बाजू बोलते तसा हा बोलतो. संगीताच्या क्लासमध्ये मला हे इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

ज्या बासची ही गोष्ट आहे, तो कारखान्यातून निघालेला नाही. दक्षिणेतल्या एका लहान गावात एक माणूस स्वतःच्या घरामागे वर्कशॉप चालवतो. वर्षाला मोजकी वाद्यं करतो, तुमच्या हाताचं माप घेतो, तुम्ही कसलं संगीत वाजवता ते विचारत बसतो आणि मग दीड-दोन वर्षं तुम्हाला ताटकळत ठेवतो. आमच्या धंद्यात असल्या वाद्याला बुटीक म्हणतात. घरी मी तो शब्द वापरत नाही, साडीच्या दुकानात गेल्यासारखं वाटतं.

तो आला त्या दिवशी बाबांनी चष्मा लावून त्याच्यावरून तळवा फिरवला, नाकाजवळ नेऊन वास घेतला. "फणस मा रे ह्यो?" फणसच होता. गावच्या आमच्या घराची दारं फणसाची, बाबांचा पहिला मृदंग फणसाचा. त्या दिवसापासून तो बास माझा राहिला नाही, घरचा झाला. मी वाजवायला बसलो की बाबा जवळ स्टूल ओढून घ्यायचे आणि लाकडावर हात ठेवून ऐकायचे. मला अडचण व्हायची. 'बाबा, हात' म्हटलं की काढायचे, दोन मिनिटांनी परत ठेवायचे.

असलं वाद्य सांभाळणं म्हणजे घरात तान्हं मूल असल्यासारखं आहे. आमच्याकडची हवा खारी, तारा बघता बघता गंजतात, म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तार पुसायची. लाकडाला तेलाचं फिनिश, वर जाड पॉलिश नाही, म्हणून पावसात ते फुगतं. सगळ्यात नाजूक त्याची नेक, म्हणजे बोटं जिथे फिरतात ती लांब दांडी. तारा तिला सतत पुढे ओढत असतात. तसं वाकू नये म्हणून आत एक लोखंडी सळई असते, ती मागे ओढते. दोन्ही ओढी सारख्या असल्या की नेक सरळ. ऋतू बदलला की सळईचा नट ॲलन कीनं किंचित फिरवायचा. किंचित म्हणजे किंचित. बाबा हे सगळं श्वास रोखून बघायचे, पण सळई म्हणजे काय ते मी त्यांना कधी नीट सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

वर्षातले काही महिने मी क्रूझवर वाजवतो. तिथे बोटीवरचा दणकट बास असतो, हा मी कधी नेत नाही. दर वेळी नेक जशी आहे तशीच ठेवून, बासची पेटी, म्हणजे केस, बंद करून, पलंगाखाली सरकवून जायचो. गेल्या वर्षी जाताना बाबा म्हणाले, "मी बघतंय तेका. तू जा बिनधास्त." मला बरंच वाटलं. अधूनमधून तारा पुसतील, हवा लागू देतील, अजून काय करणार?

परत आलो तो पावसाळा संपताना. बाबा खंगले होते. जिना चढताना दोनदा बसायचे म्हणे, पण फोनवर मला कोणी काही बोललं नव्हतं. बॅगा ठेवतोय तोवर त्यांनी स्वतः केस बाहेर ओढली. माझ्या बायकोच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून बास आत ठेवला होता. "सगळ्यो तारो सैल करून ठेवलंय," ते कौतुकानं म्हणाले. "तू नसताना तेका कित्याक ताणून ठेवचा?"

ढोलकी वाजवून झाली की कड्या सरकवून दोऱ्या सैल करायच्या, पखवाजाची कणीक खरवडायची. मंडळातला प्रत्येक जण हे करतो. वाद्य उतरवून ठेवायचं, त्याला आराम द्यायचा. बाबांनी आयुष्यभर जे केलं, तेच माझ्या बासला केलं होतं, अगदी जीव लावून. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे अख्खा पावसाळा त्या नेकला पुढे ओढणारं कोणी नव्हतं आणि सळई एकटी मागे ओढत राहिली होती.

मी 'बरं केलंत' म्हणालो. संध्याकाळी ते खाली गेल्यावर तारा चढवल्या. नेक मागे वाकली होती, तारा तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांना चिकटल्या होत्या, सूर निघायच्या जागी नुसती खरखर. सळईचा नट सैल करत गेलो, पूर्ण सैल केला, दोन दिवस तसाच ठेवला. लाकूड हललं नाही. त्यानं तसंच वळण धरलं होतं. मला बाबांचा भयंकर राग आला, आणि दाराशी त्यांची चप्पल वाजली तसा तो राग कुठे ठेवू हे कळेना. केस बंद केली आणि चहा टाकला.

त्याच आठवड्यात परळच्या हॉस्पिटलमधून रिपोर्ट आले. फुप्फुसं. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं की घरीच ठेवा, जे आवडतं ते द्या. बाबांना आवडायचं काय? पेज, सुक्या बांगड्याची चटणी आणि माझा बास.

"वाजव मा जरा," ते म्हणाले. मी म्हणालो, तारा खराब झाल्यात, नवीन मागवल्यात.

वाकडा बास वाजवला असता तर त्यांना पहिल्याच सुरात कळलं असतं. कान जन्मभर तयार केलेला माणूस तो. बिघडलं हे कळलं असतं, आणि कोणी बिघडवलं हेही. मरायला टेकलेल्या माणसाला मी हे सांगू? दुसरा बास मागून आणावा, तर हात ठेवल्याबरोबर 'आपलो खंय?' म्हणाले असते. बायको म्हणाली, "सांगून टाक ना. काय होईल?" मी तिच्यावर खेकसलो, तुला वाद्यातलं काय कळतं म्हणून. तिचा चेहरा पटल्याचा नव्हता.

वाद्य बनवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, नेक पाठवा, गरम करून दाबून बघतो, खात्री देत नाही, वेळ लागेल. चार स्क्रू काढले की नेक सुटते. ती लांब खोक्यात घालून पाठवली आणि नुसतं फणसाचं धड केसमध्ये ठेवून केसला कुलूप लावलं. आमच्या घरात कपाटालासुद्धा कधी कुलूप नव्हतं.

बाबांनी रोज विचारलं. "इल्यो काय तारो?" मी म्हणायचो, कस्टममध्ये अडकल्यात. मग म्हणालो, चुकीच्या आल्या, परत पाठवल्या. खोटं बोलायला मी इतका तयार होईन असं वाटलं नव्हतं. कार्यक्रमही सोडले होते, त्यांच्याजवळ राहावं म्हणून. लोकांचे फोन यायचे, मी त्यांच्यासमोरच 'सध्या नाही जमणार' म्हणायचो. बाबा खिडकीबाहेर बघत राहायचे.

पुढे पुढे त्यांनी विचारायचं सोडलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. म्हटलं, विसरले. औषधांच्या गुंगीत असतात, बरं झालं. एकदा मी पाय चेपत होतो तर म्हणाले, "तू जा रे कामाक. हय बसून काय करतंस?" मी म्हणालो, काम नंतरही होईल. त्यांनी पाय ओढून घेतला.

ते गेले सकाळी, चहाच्या वेळेला. मी आणि बायको दोघंही जवळ होतो, एवढं समाधान.

नेक त्यानंतर आठवड्यानं आली. सुतकात वाजवायचं नव्हतं, पण हाताला काहीतरी काम हवं होतं, म्हणून बसवली, तारा चढवल्या, सळई हळूहळू जुळवली. सरळ झाली होती. मी खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी तपासली आणि कुठेही खरखर सापडली नाही. मला वाटलं होतं आनंद होईल.

तेराव्याला मंडळानं भजन केलं. सगळे गेल्यावर बाबांचे जोडीदार, टाळ वाजवणारे काका, थोडे मागे रेंगाळले. त्यांनी भिंतीला टेकवलेला बास बघितला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"परत वाजवतोस? बरं झालं रे. तुझ्या बापाला शेवटी शेवटी तेवढाच घोर होता."

मी म्हणालो, कसला घोर?

"अरे, मी बघायला यायचो ना दुपारचा. रोज तेच. म्हणायचा, माझ्या दुखण्यापायी झिलान वाजवणा सोडल्यान. घरात आवाज नाय, काय नाय. माझा होवचा ता होतला, त्या वाद्यान काय घोडा मारल्यान? मी म्हटलं, विचार की त्याला. तर म्हणाला, नको, इचारलंय काय तेचा तोंड उतारता."

मी काकांना धरून खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. सैल केलेल्या तारा, वाकलेली नेक, कुलूप, कस्टम, सगळं. सांगताना माझा आवाज चढत गेला. काका ऐकत होते. मध्येच त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"म्हणजे तो बिघडला होता?"

"हो."

"त्यानं उतरवून ठेवला म्हणून?"

"हो, काका."

त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "अरे, मग सांगायचंस की त्याला. हसला असता रे तो."

बायको दारात उभी होती. ती आत निघून गेली. मी काकांना जिन्यापर्यंत सोडलं, परत आलो, पलंगावर बसलो. हसले असते. आधी मला शिवी दिली असती, मग खोकला येईपर्यंत हसले असते.