दोन वर्षांची कार्डं

नवऱ्याची बदली कारखान्याच्या झाशीच्या युनिटला झाली आणि त्याच्यामागे मीही आले. ग्रंथालयशास्त्राची पदवी होती, म्हणून इथल्या एका सार्वजनिक वाचनालयात कंत्राटावर लागले.

पुस्तकं विषयवार लावलेलीच नव्हती. आली त्या क्रमानं नोंदवहीत चढायची आणि जागा मिळेल तिथं बसायची. कुठलं पुस्तक कुठं, हे एकाच माणसाला ठाऊक होतं. शहरातल्याच नगरा भागातून सायकलवर येणारे, निवृत्तीला टेकलेले शिपाई. सगळे त्यांना दादा म्हणत. वाचकानं नाव अर्धवट सांगितलं तरी ते उठून सरळ त्या कपाटापाशी जात.

ते जायच्या आत हे कागदावर उतरवायला हवं, असं मी ठरवलं. दोन वर्षं रोज दुपारी ते सांगत गेले, मी कार्डं लिहीत गेले. सोबत एका कारकून मुलीला पुस्तकांना विषयांक, म्हणजे विषयाप्रमाणे क्रमांक, द्यायला शिकवलं. ती जिल्ह्यातल्याच गरौठ्याची, हुशार. तिचा हात बसतोय तोच तिला मतदार यादीच्या कामावर नेलं, आणि तिथूनच तहसिलीत बदली झाली. तिच्या जागी आलेल्याला शिकवायला गेले, तर तो शांतपणे म्हणाला, "मॅडम जी, हमें भी कल कहीं और भेज देंगे. सीख के क्या करेंगे?"

प्रशिक्षणासाठी वर तीन पत्रं लिहिली. शेवटी लखनौच्या एका दिवसाच्या शिबिराचं बोलावणं आलं. बाहेर जायची पाळी आमच्या लेखापालांची होती, ते गेले. प्रमाणपत्र आणि एक पिशवी घेऊन आले.

दादा निवृत्त झाले. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी साताऱ्याला गेले होते, तेवढ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी हॉल मोकळा केला गेला. कपाटं हलली, पुस्तकं पोत्यांत भरून व्हरांड्यात गेली. यादी आता संगणकावर आहे, असं सांगून कार्डांचे खण रद्दीत दिले होते. संगणकावर पाहिलं, तर लेखकाच्या रकान्यात प्रकाशकांची नावं होती.

गेल्या महिन्यात जवळच्या गुरसराय गावातल्या एका जुन्या मराठी घरातली बाई आली. आजोबांनी वाचनालयाला दिलेल्या पुस्तकांत त्यांच्या हातची टिपणं होती, ती तिला पाहायची होती. मराठी तिला समजत नव्हतं, नुसतं अक्षर पाहायचं होतं. मी दादांना फोन केला. ते रिक्षा करून आले. व्हरांड्यातल्या पोत्यांपाशी गेले. एक पोतं सोडलं. खालची पुस्तकं ओल लागून एकमेकांना चिकटली होती.

"अब हमें भी नहीं मालूम, बिटिया," ते तिला म्हणाले.

तिनं नंबर लिहून दिला. सापडलं तर कळवते, असं मी म्हटलं. ती गेल्यावर दादांनी पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही.