ओट्याची उंची

प्रवास हे वास्तुविशारदाचं निरीक्षणाचं साधन आहे, असं आम्हाला शिकवलं गेलं आणि मी ते लगेच मान्य केलं. वास्तुरचनेकडे वळण्याआधी मी भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. साधन असेल तर त्याची नोंद अचूक असते, त्यात मोजणाऱ्याचं मन मिसळत नाही, असं मी गृहीत धरलं होतं. नंदुरबारच्या एका घराच्या ओट्याने ते गृहीतक मोडलं. त्याच्या जागी काय ठेवायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

घर मिरचीच्या एका व्यापारी कुटुंबाचं. त्यांचे पूर्वज मारवाडातून आले, पण दुकानावर बोलतात ते अहिराणीत. माझे वडील कोरीटला शेती करतात आणि आमची मिरची याच घराण्याकडे जाते. त्या ओळखीवर मला त्यांच्या नव्या घराचा नकाशा दाखवण्याची संधी मिळाली. घरातले वडीलधारे बाबूजी; त्यांच्या मुलाला दर्शनी भाग काचेचा हवा होता, सुरतेला पाहिलेला. त्याने अट स्पष्ट सांगितली, "ताई, बाबूजी हो म्हणाले तर काम तुमचं. नाहीतर सुरतेचा माणूस तयार आहे."

नाशिकच्या ज्या कार्यालयात मी इतरांच्या इमारतींचे जिने काढत होते, तिथून रजा घेऊन आले होते. हे काम मिळालं तर नंदुरबारात स्वतःची पाटी लागणार होती. न मिळालं तर पुन्हा जिने.

मी पद्धतशीर विचार केला. बाबूजींनी मूळ गाव कधी पाहिलेलं नव्हतं. ते जन्मले इथेच. मग ते गावच त्यांच्यापुढे ठेवलं तर? मी मारवाडात जाऊन आले. गल्ल्या पाहिल्या, भिंतींची जाडी मोजली, सावल्यांच्या वेळा नोंदवल्या. त्यांच्या भाऊबंदांच्या घरापुढचा ओटा मला विशेष आवडला. घरातली माणसं आत जेवायला बोलवत होती, म्हणून टेप न लावता बसल्या बसल्या त्याचं रेखाटन केलं आणि एक फोटो घेतला. नकाशात दर्शनी भागी मी तोच ओटा ठेवला.

दुकानाच्या मागच्या खोलीत, मिरचीचा तिखट खाट नाकात जाऊन सगळे खोकत असताना, मी कागद पसरले. "बाबूजी, हा तुमच्या मूळ गावचा ओटा."

बाबूजींनी चष्मा वर केला, खाली केला आणि हसू लागले. "अवं पोरी, हाऊ ते कोरीटना शे! तुन्हा बापना घरना!"

"नाही बाबूजी, मी स्वतः तिथे जाऊन..."

"इतली दूर गई आनि घरनाच ओटा लई वनी!" मग मुलाकडे वळून म्हणाले, "हाऊच कर. काच तुन्हा दुकानले लाव."

मुलगा म्हणाला, "काँग्रॅच्युलेशन्स, ताई," पण चेहरा काचेसारखाच होता. काम मिळालं होतं. मला मात्र आनंदाआधी शंका आली. बसस्थानकावर मी मोबाइलमधला फोटो उघडून रेखाटनाशेजारी धरला. फोटोतला ओटा कमरेएवढा उंच, अरुंद, बाजूला पायऱ्या असलेला. रेखाटनातला गुडघ्याएवढा आणि मांडी घालून बसता येईल इतका रुंद. मी मारवाडात बसून कोरीट काढलं होतं, आणि काढताना मला त्याचा पत्ताही नव्हता.

घरी पोहोचताच टेप काढला. आमचा ओटा रेखाटनाशी जुळला. निष्कर्ष सोपा वाटला: डोळे प्रवासाला गेले, हात घरीच राहिला. ही तुलना मला इतकी आवडली, की मी ती वडिलांना ऐकवली.

ते बैलांना पाणी दाखवून येत होते. "पन ओटा पयले उंच व्हता," ते म्हणाले. "गल्लीत काँक्रीट झाये, मंग आखो एकदाव झाये. भुई वर वनी. ओटा तठेच शे."

म्हणजे बाबूजी पूर्वी मिरचीच्या खरेदीला कोरीटला येत, तेव्हा त्यांनी पाहिलेला ओटा आजच्यासारखा नव्हताच. मग त्यांनी माझ्या चित्रात ओळखलं काय? आणि जुनी उंची कमरेएवढी असेल, तर फोटोतला ओटाच त्यांच्या आठवणीच्या जवळचा ठरत होता. मी एक तक्ता करायला घेतला आणि तो अर्धवट सोडला.

आखणीच्या दिवशी जागेवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या. मिस्तरींनी विचारलं, "मॅडम, ओटा किती उंच घेऊ?" मी चुना-सिमेंट न लावता विटांचे दोन ढीग रचायला सांगितले, एक फोटोतल्या ओट्याएवढा, एक रेखाटनातल्या ओट्याएवढा, आणि बाबूजींना बसून पाहण्याची विनंती केली.

उंच ढिगावर मुलाने हात देऊन त्यांना चढवलं. पाय लोंबू लागले तसे ते हरखले. "मी न्हाना व्हतू, बाना संगे कोरीटले येऊ. आशेच पाय लोंबेत!"

"मग हाच घेऊ?" मी विचारलं.

"याड लागनं का? आते चढाव कोन मन्हा संगे?" ते मुलाच्या आधाराने उतरले, बुटक्या ढिगावर जाऊन बसले, चपला काढल्या, मांडी घातली आणि शेजारच्या विटांवर थाप मारली. "बठ."

मी बसले. पाय सहज जमिनीला टेकले. रस्त्यावरून जाणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला बाबूजींनी हाक मारली. तोही येऊन तिसऱ्या जागी बसला आणि दोघांचं मिरचीच्या भावावरून बोलणं सुरू झालं. विटा हलत होत्या, पण कुणाला घाई नव्हती.

मी मिस्तरींना सांगितलं, "हीच उंची ठेवा." त्यांनी विटेवर पेन्सिलने खूण केली.

मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, एक सांगा. ही उंची नक्की कुठली? आमच्या मूळ गावची, की तुमच्याकडची?"

"प्रवासातली," मी म्हणाले. उत्तर खोटं नव्हतं. पण परीक्षेत मी ते लिहिलं असतं, तर पुढे कारण लिहिण्याची जागा कोरी सोडावी लागली असती.