तवा कुणाच्या वाट्याला

बाळीवेशीत कुणाची चूल वेगळी व्हायची असली, की भांड्यांच्या वाटणीला मल्लप्पा शेट्यांना बोलावणं जायचं. वकील परवडला पण हा माणूस नको, असं खुद्द त्यांच्या बायकोचं मत. जी भांडी एकत्र राबतात ती एकाच घरी जायची, हा त्यांचा हट्ट. पाट्यापासून वरवंटा तोडला तर दोन्ही घरं चटणीला मुकतात, एवढं साधं गणित.

चौऱ्याहत्तर साली ते आमच्या शेजारी बसव्वाकडे आले. नवरा आदल्या वर्षी वारलेला. थोरला संगप्पा आणि धाकटा शिवपुत्र, दोघांचं पटेना. अंगणात सगळी भांडी मांडली होती. बिडाचा जुना तवा दोघांनाही हवा होता. मल्लप्पांनी तो काठवट आणि उलथन्याशेजारी ठेवला.

शिवपुत्र गिरणीत कारकून. त्याला हा अडाणीपणा वाटला. "तांबं येगळं, पितळ येगळं, लोखंड येगळं. वजन करून निम्मं निम्मं घ्यायचं की."

"काठवट एकाकडं, तवा दुसऱ्याकडं. मग भाकरी काय रस्त्यात भाजायची व्हय?" मल्लप्पा म्हणाले.

त्यांची जुंपली तोवर संगप्पाच्या पाच वर्षांच्या रुद्राणीनं आपली वाटणी उरकली. चकचकीत एकीकडे, काळं एकीकडे. मग हात धरून तिनं बसव्वाला तव्याशेजारी बसवलं. "आज्जी बी काळी हाय."

सगळे हसले. बसव्वाही हसली आणि तिथंच बसून राहिली. आपण कुणाकडे जायचं, एवढंच तिला सकाळपासून कळायचं होतं. तेवढं सोडून सगळ्यावर बोलणं झालं होतं.

मल्लप्पांना ते पटलं. "पोरगी बराबर बोलली. तवा आन तुमची अव्वा एकत्र राबत्यात. ज्याचा तवा, त्याची अव्वा. बोला, कुनाला?"

माणसाला भांड्यांत धरायची चूक त्यांच्याच हातून व्हायची. मला त्यांचा राग आला, पण तो फार टिकला नाही, कारण लगेच त्या दोघांचा आला.

"धाकट्याला ऱ्हाऊ दे," संगप्पा म्हणाला.

"थोरल्याचा मान हाय," शिवपुत्र म्हणाला.

बसव्वा उठली. तिनं तवा काखोटीला मारला.

"मल्लप्पा, वाटं तीन करा," ती म्हणाली. "माजी चूल हितंच ऱ्हाईल. ह्यांनी आपली कुटं मांडायची त्ये बघावं."