शेवटचा हात कुणाचा?

पंखेवाली मावशी कुठलंही मशीन उघडण्याआधी एकच प्रश्न विचारते, "शेवटचा हात कुणाचा?" पंखा असो, मिक्सर असो, नाहीतर आमच्या समितीचा बारा वर्षांचा कॉम्प्युटर. उत्तर मिळेपर्यंत तिचा स्क्रूड्रायव्हर खिशातून बाहेर येत नाही.

त्या दिवशी दुपारी बाराला मी तिला जवळजवळ ओढतच समितीच्या खोलीत आणलं. कालव्याकाठची आमची चारशे बारा घरं रस्त्यासाठी पाडायचं ठरलं होतं. पर्यायी जागा मिळणार ती ज्यांची नोंद यादीत आहे त्यांनाच. यादी कचेरीत द्यायची मुदत त्याच संध्याकाळी पाचची. आणि छपाई सुरू केली की नवव्या मिनिटाला कॉम्प्युटर बंद! यादीचा प्रोग्राम इतका जुना की दुसऱ्या मशीनवर उघडतच नाही. ते करून पाहिलं होतं. छपाईला लागतात चाळीस मिनिटं, आणि मध्येच बंद पडलं की पुन्हा पहिल्या घरापासून.

"शेवटचा हात कुणाचा?" मावशीने विचारलं.

"कुणाचाच नाही. धूळ बसली असेल."

"नक्की?"

"मावशी, घड्याळ बघा की!"

मी खोटं बोललो होतो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि स्क्रूड्रायव्हर काढला.

या बाईला हा प्रश्न फुकट सुचलेला नाही. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नाही. "कुणी हात लावला नाही हो" असं एका गिऱ्हाइकाने छातीठोक सांगितलं होतं. त्यानेच पंख्याच्या वायरी उलटसुलट जोडलेल्या. मावशीला असा झटका बसला की ती दुकानाच्या दारापर्यंत फेकली गेली. हे आख्ख्या वस्तीला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

तिचे वडील जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळायचे आणि ही सात वर्षांची पोर शेजारी बसून वेढे मोजायची. एक वेढा चुकला तर मोटर पुन्हा जळणार, म्हणून मोजताना पाणीसुद्धा प्यायची नाही. लग्नानंतर सासूने फर्मान काढलं, बाईमाणसाच्या हातात पाना बरा दिसत नाही. मावशी काही बोलली नाही. भर उन्हाळ्यात सासूचा पंखा बंद पडला, तेव्हाही बोलली नाही. "चौथ्या दिवशी म्हातारीनेच माझ्या हातात पाना आणून दिला," असं सांगताना ती अजून हसते. पुढे एका शाळेने बारा मेलेले कॉम्प्युटर फेकून दिले, ते तिने हातगाडीवर घालून आणले. सहा महिन्यांत त्यांतले पाच उठवून बसवले. कुणी शिकवलं? कुणी नाही. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण मशीन सुरू होताना कुठली कळ दाबली की तापमानाचा आकडा दिसतो आणि तो कितव्या ओळीत असतो, हे तोंडपाठ आहे. सर्टिफिकेट भिंतीला टांगून बसलेल्यांनी तिच्या पायाशी येऊन बसावं.

तर मावशीने बाजूचं झाकण काढलं. ब्रशने धूळ झाडली; फारशी निघालीच नाही. "अलीकडेच कुणीतरी साफ केलेलं दिसतंय," ती स्वतःशीच म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत होतो. प्रोसेसरवरचा छोटा पंखा नीट फिरत होता. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून तिने त्याचा आवाज ऐकला, मान हलवली. झाकण उघडंच ठेवून समोर टेबलफॅन लावला. नवाची अकरा मिनिटं झाली, बस. पुन्हा अंधार.

एक वाजून गेला.

तिने मशीन पुन्हा चालू केलं, कळ दाबून तापमानाचा आकडा बघितला. चौऱ्याण्णव! लगेच बंद करून प्लग काढला आणि मला बोलावलं. "इकडे ये, पुढारी. हात लाव."

तिने बोट दाखवलं ते प्रोसेसरवर बसवलेल्या हीटसिंककडे. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी ती पातळ पात्यांची जाळी. मी भीत भीत हात लावला.

"गारच आहे की."

"तेच तर! खाली चूल पेटलीय आणि वर तवा गार. म्हणजे तवा चुलीवर बसलेलाच नाही. आता शेवटचं विचारते."

मी तिच्या करंगळीकडे बघितलं.

"माझा," मी म्हणालो. "रविवारी."

मग सगळं सांगितलं. धूळ काढायला मी मशीन उघडलं. पंखा, जाळी उपसून काढली. खाली प्रोसेसरवर करडा, चिकट थर. म्हटलं, बारा वर्षांचा मळ! स्पिरिट आणि जुनं बनियन घेऊन घासला. परत बसवताना जाळीचा एक पाय नीट अडकला नव्हता, तो तसाच दाबून दिला.

मावशीने जाळी उचलली. प्रोसेसर आरशासारखा लखलखत होता.

"मळ नव्हता तो. पेस्ट होती. तीच खालची उष्णता वर पोचवते." तिने कपाळाला हात लावला. "सगळ्या जगाचा कारभार चव्हाट्यावर आणणारा माणूस तू, आणि तुझ्याकडून कबुली काढायला मला तासभर लागतो? माझ्या दुकानात खालच्या खणात ट्यूब आहे. पळ!"

पळालो. एरवी मला कुणी पळ म्हटलेलं चालत नाही.

तिने मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, जाळी सरळ वरून टेकवली आणि समोरासमोरचे पाय दाबले. खट्, खट्, खट्, खट्. "चार ऐकू आले? तुला रविवारी तीनच आले असणार." मशीन सुरू केलं. आकडा अठ्ठेचाळीसवर येऊन बसला, वीस मिनिटं हलला नाही. पावणेदोन वाजले होते.

मी छपाईचं बटण दाबणार, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. दोनशे सात नंबर काढ."

तिचंच घर. स्क्रीनवरचं तिने सावकाश वाचलं. "व्यवसाय, गृहिणी. दुकान, नाही." दुकानाची नोंद नाही म्हणजे दुकानाला जागा नाही.

"ह्याला शेवटचा हात कुणाचा?"

"माझा." या वेळी लगेच. "यादी करायला आलो तेव्हा घरी कुलूप होतं, मी अंदाजाने—"

"घरी कशी असेन? दुकानात होते! तूच रोज तिथे चहा पीत बसतोस." ती चिडली नव्हती, ते जास्त लागलं. "आणि किती जणींच्या पुढे अंदाज लिहिलायस?"

मोजले. एकतीस.

माझ्या डोक्यात सणक गेली, पण भांडायला समोर कोण? मीच. वही घेतली आणि निघालो. मावशी कॉम्प्युटरपाशी बसली. मी दारादारांतून फोन करत गेलो, ती एकेका बोटाने टाइप करत गेली. एकतिसांपैकी सतरा जणी काही ना काही धंदा करत होत्या. शिलाई, डबे, इस्त्री. एक तर माझ्या स्वतःच्या चपला शिवणारी. तिने विचारलं, "आता आलास होय?" मी वही उघडली आणि तिचा धंदा लिहून घेतला.

मी परत आलो तेव्हा तीन पस्तीस झाले होते. मावशीने दोनशे सात पुन्हा काढून दाखवलं: पंखे, मोटर व कॉम्प्युटर दुरुस्ती. "वाच. चुकलं असेल तर आत्ताच सांग." चुकलं नव्हतं.

छपाई सुरू झाली. नववं मिनिट आलं, गेलं. अकरावंही. मावशी मशीनच्या मागे तळहात धरून बसली होती.

"गरम हवा येतेय," मी घाबरून म्हणालो.

"येऊ दे. आता ती बाहेर येतेय."

सव्वाचारला शेवटचं पान पडलं. पाचला दहा मिनिटं असताना कचेरीत पोच घेतली. मावशी आली नाही. दुकानात एक मिक्सर वाट बघत होता, आणि त्याच्या मालकाने अजून तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं.