वस्ताद शेवटी पाणी पितो

ग्राउंडवर मराठी कानावर पडलं की मी आधी बर्फ शोधते. परदेशात राहणाऱ्या बाईने असं लिहावं हे विचित्र वाटेल, म्हणून नीट क्रमाने सांगते.

माझे पती दोह्यातल्या एका खासगी कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच आहेत. सगळे त्यांना कोचच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच लिहिते. मी अल रय्यानला एका कंपनीत खरेदी विभाग सांभाळते. दुपारी सुटले की सरळ ग्राउंड गाठते. संघाची मॅनेजर म्हणून मला कुणी नेमलेलं नाही. पण पहिल्या वर्षी एका सामन्याला हे लोक बॉलमध्ये हवा भरायचा पंप विसरून गेले, आणि तेव्हापासून सामान मी माझ्या हातात घेतलं. गाडीत भरताना मी एकेक वस्तू मोठ्याने म्हणते: बॉल, पंप, बिब्स, शिट्टी, पट्ट्या, पाणी, मीठ-साखर, संत्री, बर्फ, टब.

टबावरून पोरं फार हसायची. लहान मुलांना डुंबायला मिळतो तसला तो टब, निळ्या कडक प्लॅस्टिकचा, आतून पिवळी बदकं. कोचनी तो हायपरमार्केटमधून स्वतः डोक्यावर धरून आणला होता. उन्हाने कुणी पडलं तर त्याला आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचं, हॉस्पिटल नंतर, हे ते दर सीझनच्या पहिल्या दिवशी सांगायचे आणि बुडवायचं कसं ते करून दाखवायचे. डोकं कुणी धरायचं, पाय कुणी, ॲम्ब्युलन्सला फोन कुणी करायचा, सगळं ठरलेलं. टबात झोपून दाखवायला दर वर्षी नवा गोलकीपर. बाकीचे क्वॅक-क्वॅक करायचे.

कोच हसायचे नाहीत. ते कोल्हापूरचे. तिथे पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीचा फुटबॉल संघ. कुस्तीचे वस्ताद आणि फुटबॉलचे वस्ताद यांच्यात फारसा फरक नसे, शिस्त एकच. खेळताना पाणी प्यायचं नाही, पोट जड होतं, असं त्यांच्या वस्तादांचं मत होतं. ऐन मे महिन्यातल्या एका सामन्यात कोचच्या बाजूला खेळणारा मित्र पडला. वस्तादांनी ओरडून सांगितलं, पाणी देऊ नका, आपोआप उठेल. तो उठला नाही. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कोचनी मला हे एकदाच सांगितलं, आणि लगेच उठून गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले.

म्हणून दोह्यातला हा संघ त्यांनी पाण्यावर उभा केला, असं मी म्हणते. आले तेव्हा ते एका भारतीय शाळेत पीटीचे शिक्षक होते. कॉलेजने बोलावलं तेव्हा ग्राउंड म्हणजे पार्किंगमागची खडीची जागा होती आणि संघ म्हणजे फी माफीच्या आशेने आलेली पोरं. पहिली काही वर्षं आम्ही इतके हरलो की समोरचे संघ आम्हाला बघून राखीव खेळाडू उतरवायचे. मग हळूहळू जिंकायला लागलो. संघातली दोन पोरं इथल्या क्लबांत गेली, एक रेफरी झाला. कॉलेजने हिरवं कृत्रिम गवत घालून दिलं. लोक या गोष्टींचं कौतुक करतात. कोचना विचारलं तर ते एकच सांगतात: ‘‘माझ्या हाताखाली आजवर एकही पोरगा उन्हाने पडला नाही.’’

त्यांचे दोन नियम होते. पाण्याची शिट्टी वाजली की खेळ जागच्या जागी थांबवून सगळ्यांनी प्यायचं. आणि ग्राउंडवर हिंदी किंवा इंग्लिशच बोलायचं. केरळची पोरं, गोव्याची, इजिप्तची, सुदानची. कुणालाही आपण बाहेरचे आहोत असं वाटू नये म्हणून. मी चुकून ‘‘अहो’’ म्हणाले तरी ते बोट दाखवायचे.

तिसरा नियम त्यांनी कुणाला सांगितलेला नव्हता. तो तालमीतला. वस्ताद शेवटी पाणी पितो. पोरांचं आटोपल्याशिवाय वस्तादाने बाटलीला हात लावायचा नाही. वस्तादांची पाणी न देण्याची शिकवण कोचनी मोडून काढली, पण ही दुसरी जपली. सराव संपून बस निघेपर्यंत त्यांच्या घशाखाली घोट गेलेला नसे. गाडीत बसलो की मी म्हणायचे, ‘‘तुम्ही काय उंट आहात का?’’

‘‘तू नाशिकची. तुला तालीम कळायची नाही.’’

‘‘मला किडनी कळते.’’

‘‘बरं, बाटली मोजून घे. एक कमी दिसतीय.’’

असा विषय बदलायचे.

आता मेसईद, दोह्याबाहेरचं समुद्रकाठचं कारखान्यांचं गाव. सप्टेंबर सरत आला होता. पारा उतरला की लोकांना वाटतं उन्हाळा खलास, पण समुद्राच्या बाजूची ती दमट हवा उन्हापेक्षा वाईट. घाम अंगावरच राहतो. तिथल्या एका कारखान्याच्या कॉलनीतल्या संघाशी सरावाचा सामना होता. आम्ही बसने गेलो. टब मागच्या सीटवर उभा केला होता. कॅप्टन केरळचा, उंच, बोलका. म्हणाला, ‘‘मॅडम, बेबी पूल का भी टिकट लिया?’’ सगळी बस हसली.

कोच त्या दिवशी हसले, हे मला आधी खटकलं. सकाळी त्यांनी भाकरी अर्धी टाकली होती. दोन दिवस पोट बिघडलेलं होतं. मी घरी राहा म्हटलं, तर म्हणाले, ‘‘अगं, सरावाचा सामना आहे, मी नुसता उभा राहणार.’’ पण नुसतं उभं राहणं त्यांना येत नाही. ते रेषेवरून खेळाबरोबर धावतात.

पहिल्या हाफमध्ये त्यांनी दोनदा पाण्याची शिट्टी वाजवली. मी दोन्ही वेळा त्यांच्यासमोर बाटली धरली, त्यांनी ती घेऊन पोरांकडे फेकली. दुसऱ्या हाफमध्ये मी संत्री कापत होते, तेव्हा ऐकू आलं:

‘‘अरं कडंनं जा, कडंनं! चिखलात कशापायी घुसतोस?’’

मी सुरी खाली ठेवली. आवाज कोचचा. भाषा मराठी, तीही घरातली नव्हे, त्यांच्या पेठेतली. आणि समोर हिरवं कोरडं गवत. चिखल कुठे होता?

राखीव पोरं खूश झाली. कॅप्टन रेषेजवळून ओरडला, ‘‘मॅडम, आज कोच फुल मूड में है!’’ आधीच्या वर्षीपर्यंत रत्नागिरीचा एक पोरगा संघात होता, त्याला तरी कळलं असतं. तो पास होऊन गेला होता. त्या ग्राउंडवर मराठी समजणारी मी एकटी होते.

मी त्यांच्याकडे चालत गेले. धावले नाही, कारण धावले तर जे वाटतंय ते खरं ठरेल असं वाटत होतं. चेहरा लालभडक, ओठांवर पांढरी कड. जमीन एका बाजूला कलली असावी तशी ते पावलं टाकत होते.

‘‘वस्ताद बघाल्यात,’’ ते मला म्हणाले. वस्तादांना जाऊन वर्षं लोटली होती.

‘‘अहो, खाली बसा.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात असं कधी पाहिलं नव्हतं. ‘‘कोन तू?’’

मग मैदानाच्या मध्याकडे बघून ते ओरडले, आणि तो आवाज त्यांचा नव्हता, कुणा म्हाताऱ्या माणसाचा होता: ‘‘त्येला पानी देऊ नगासा! उठंल आपोआप!’’

तिथे कुणीही पडलेलं नव्हतं.

हातातली बाटली मी त्यांच्या तोंडाशी नेली तर त्यांनी ती हिसडून दिली. मग त्यांचे गुडघे वाकले. मी ओरडले, ‘‘टब!’’ पोरांना वाटलं काहीतरी गंमत आहे. एकाने खरंच क्वॅक केलं. मी पुन्हा ओरडले, आणि माझ्या आवाजात काय होतं ते मला माहीत नाही, पण कॅप्टन खेळ सोडून धावत आला.

त्यापुढे मला काही सांगावं लागलं नाही. डोकं धरणाऱ्याने डोकं धरलं, पाय धरणाऱ्याने पाय, फोन करणाऱ्याने फोन. बर्फाच्या गोण्या फोडल्या, पाणी ओतलं, बूट काढून कोचना बदकांच्या मधे झोपवलं. ते हात झाडत होते, शिव्या देत होते, आणि मग एकदम गप्प झाले. ते गप्प होणं सर्वांत भयंकर. शिव्या येत होत्या तोवर माणूस आत होता.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत राहिले. काय बोलावं सुचेना, तर सामानच म्हणत राहिले. बॉल, बिब्स, शिट्टी, पट्ट्या. गोलकीपर माझ्यासमोर बसून त्यांच्या छातीवर बर्फ फिरवत होता आणि त्याचे दात वाजत होते. कॉलनीच्या दवाखान्यातला मेडिक आला, ताप बघितला, आणि म्हणाला की उचलू नका, अजून थोडा वेळ इथेच. मी आकाशाकडे बघायचं टाळलं. कारखान्याच्या धुरांड्यांकडे बघत राहिले.

पट्ट्यांपर्यंत मी कितव्यांदा आले होते कोण जाणे. टबातून आवाज आला, ‘‘पंप?’’

‘‘काय?’’

‘‘पंप म्हणाली नाहीस.’’ डोळे मिटलेलेच. मग जरा वेळाने, ‘‘मला या बदकांत कुणी घातलं?’’

कॅप्टनला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. तो तोंड फिरवून रडला.

हॉस्पिटलमध्ये त्यांना काही दिवस ठेवलं. किडनीला त्रास झाला होता, ती सावरली. डॉक्टरीण बाईंनी मला बाहेर घेऊन सांगितलं की बर्फ नसता तर आपण हे बोलत नसतो; आणि पुन्हा असं झालं तर शरीर इतकं ऐकणार नाही.

मी घरी येऊन ठरवून टाकलं: कोचिंग बंद. कॉलेजला सांगायचं, कोचच्या जुन्या शाळेतला एक तरुण शिक्षक तयार आहे, सामान त्याच्याकडे द्यायचं. कोचनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, ‘‘तू म्हणशील ते. पण पोरांना मी सांगणार. उभं राहून.’’

ते सांगायला गेले त्या दिवशी पोरं सरावाला आधीच उतरली होती. कोच रेषेवर उभे राहिले आणि सवयीने त्यांच्याकडून पाण्याची शिट्टी वाजली. सगळे थांबले. बाटल्या हातात घेतल्या. आणि कुणीही प्यायलं नाही.

‘‘पिओ,’’ कोच म्हणाले.

कॅप्टन म्हणाला, ‘‘कोच, आप पहले.’’

‘‘ड्रामा मत करो. पिओ, यल्ला!’’

‘‘आप पहले.’’

ऊन उतरलेलं नव्हतं. सगळा संघ घामाने निथळत, बाटल्यांची झाकणं उघडून उभा. मला पोरांबद्दलच भीती वाटायला लागली. यांतला एक पडला तर? कोचच्या चेहऱ्यावर तीच भीती दिसली. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी बाटली दिली. त्यांनी ग्राउंडकडे पाठ केली, जणू कुणी बघू नये, आणि प्यायले. मागे एकदम सगळ्यांच्या पिण्याचा आवाज आला.

बस निघाली तरी त्यांनी सोडतो असं सांगितलेलं नव्हतं. मी आठवण करून दिली नाही. मी अजून सांगू शकत नाही की ते बरोबर केलं की चूक.

त्या सीझनला आम्ही कॉलेजांचा कप पहिल्यांदा जिंकलो. गोल शेवटी शेवटी झाला. सगळे आनंदाने उड्या मारत होते, आणि त्या गोंधळातून मला ऐकू आलं:

‘‘मारलास रं भावा! लई भारी!’’

लोक कपाकडे धावले, मी बर्फाची गोणी उचलून कोचकडे धावले. गोणी खांद्यावर घेऊन एका हाताने त्यांचा शर्ट धरला, मग चेहरा माझ्याकडे वळवला. लाल होता. ओठ ओले होते.

‘‘सकाळी जेवायला काय केलं होतं?’’

‘‘अगं, आपण जिंकलो!’’

‘‘काय केलं होतं?’’

त्यांनी माझ्या खांद्यावरची गोणी पाहिली. पाणी माझ्या पाठीवरून गळत होतं. ते शांत झाले आणि हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, ‘‘मेथी. मीठ जास्त झालं होतं. तू माझी बायको. आणि तुझ्या खांद्यावर संघाचा शेवटचा बर्फ आहे, तो खाली ठेव.’’

मी ठेवला नाही. बक्षीस समारंभ संपेपर्यंत मी ती गोणी धरून त्यांच्या बाजूला उभी होते. कॉलेजच्या भिंतीवर लावलेल्या फोटोत कप कॅप्टनच्या हातात आहे, कोचच्या हातात बाटली, आणि कडेला माझा अर्धा ओला खांदा.