ओले हातमोजे

आमच्या रत्नागिरीत सायकलवाल्यांचे कपडे ठेवणारा हा एकच दुकानदार, आणि त्याच्याकडून आपल्याला हवी ती वस्तू मिळेल तर शपथ. थंडीसाठी बिनबाह्यांचं जॅकेट मागितलं की तो ते तोंडाशी धरून जोरात फुंकतो आणि पलीकडे माझा तळहात धरायला लावतो. फुंकर हाताला लागली की जॅकेट परत खोक्यात. "घाट चढताना घाम येतो, उतरताना हाच वारा छातीत बसतो हां," एवढंच म्हणतो. स्वतः मात्र दुकानात चालत येतो. त्याला सायकलवर मी कधी पाहिलेलं नाही.

परवा मी जाड लोकरीचे हातमोजे पसंत केले. त्याने ते बादलीत बुडवले, पिळून माझ्या हातांत चढवले आणि बोटं गार पडेपर्यंत मला पंख्यासमोर उभं केलं. त्याच्या काउंटरला सायकलच्या हँडलचा तुकडा आवळून बसवलाय, ब्रेकसकट.

"पहाटेचं धुकं आहे, दवाने हात भिजलेत, उतार आहे. मी 'समोर बस' म्हटलं की ब्रेक दाबा."

त्याने डोळे मिटले.

"समोर बस!" तो ओरडलाच.

माझी बोटं वळेनात. लोकर ब्रेकवरून निसटली. मी पुन्हा धरायला गेलो, पुन्हा निसटली. आपण दुकानात उभे आहोत, असं मी हसून म्हणणार होतो, पण तिसऱ्यांदा ब्रेकच धरायला गेलो.

त्याचे डोळे मिटलेलेच होते, आणि काउंटरची कड धरलेल्या त्याच्या हाताची दोन बोटं लाकूड करकचून आवळत होती, ब्रेक दाबावा तशी.